मधल्या मिनिटांचा साक्षीदार

"कॉम्प्लेक्स पार्शल सीझर," डॉक्टर म्हणाले, आणि मग मराठीत समजावून सांगू लागले. "फिटचाच एक प्रकार आहे. यात माणूस खाली पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. जागेवर बसलेला असतो, डोळे उघडे असतात, पण तो तिथे नसतो. मिनिट-दोन मिनिटं चालतं. नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या डॉक्टरला माझ्या बायकोनं आधीच पढवून ठेवलं आहे. सकाळपासून सुमन दोनदा पाणी आणते म्हणून उठून गेली होती आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परत आली होती. हे मी टिपून ठेवलं होतं.

डॉक्टर पुढे म्हणाले, "मला जवळजवळ खात्री आहे. पण तुमच्या खात्यासाठी कागद लिहून द्यायचा, तर ड्यूटीवर असताना हे होताना ज्यानं जवळून पाहिलं तो माणूस मला समोर हवा. ऑफिसात तुमच्या शेजारी कोण बसायचं?"

सुमन म्हणाली, "सुखदेव."

हा सुखदेव म्हणजे आमच्या बसस्टँडवरचा पासेसचा कारकून. चार महिन्यांपूर्वी मीच लेखी तक्रार करून त्याची बदली करवली होती, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणारला. आणि मी स्वतः निलंबित होतो. आरोप असा, की हा इसम व्हिडिओ गेमच्या नादात ड्यूटीवर लक्ष देत नाही. आजार आहे असा कागद मिळाला तर नोकरी वाचणार होती, नाहीतर घरी बसायचं होतं. तो कागद आता सुखदेवच्या जिभेवर अवलंबून होता. नागपूरच्या त्या गार खोलीत मला घाम फुटला.

तुमच्यापैकी कुणाला, किंवा तुमच्या घरातल्या कुणाला, असं मधूनमधून 'हरवायला' होत असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी चुकलो कुठे, ते मी लपवणार नाही. लपवायला आता काही उरलेलंही नाही.

घाटाखालच्या एका लहानशा बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो. गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, मधल्या वेळात लाउडस्पीकरवरून कुठली गाडी कुठे लागली ते सांगायचं. सोळा वर्षं मी वेळ लिहीत होतो. गावातले लोक माझ्या आवाजावर घड्याळ लावत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, ते खरंच लावत.

स्टँडसमोर शकीलभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावात टीव्ही येऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी अकोल्याहून व्हिडिओ गेमचा एक डबा आणला आणि तो काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडला. अर्ध्या तासाचे पैसे देऊन खेळायला मिळायचं. पडद्यावर खाली एक विमान असायचं. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ यायच्या, लांब जायच्या, त्यातून विमान काढायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. बस, एवढाच खेळ.

पोट्टे खेळत असतील असं तुम्हाला वाटेल. पण त्यांना शकीलभाई शाळा सुटल्याशिवाय आत घेत नसत. दुपारी तिथे आम्ही मोठी माणसंच असायचो. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर असायचा. हायस्कुलातले चित्रकलेचे सर असायचे, ते एकदा परीक्षेची पहिली घंटा विसरले आणि हेडमास्तर स्वतः त्यांना न्यायला आले. एका कंडक्टरची भरलेली गाडी दुकानासमोर हॉर्न वाजवत उभी राहिली होती, आणि हा आतून ओरडत होता, "आलो बे, आलो! एकच जीव उरला हाय!"

मीही जेवणाच्या सुट्टीत जायचो. डबा तसाच राहायचा. बसलो की बाहेरचं जग गळून पडायचं. पाच मिनिटं झाली असतील म्हणून मान वर करावी, तर अर्धा तास संपलेला असायचा. सोळा वर्षं मिनिटं मोजणाऱ्या माणसाला हे फार गोड वाटायचं, हे कबूल करतो.

पण मी स्वभावानं संशयी. आमच्या घराण्यातच ते आहे. माझे वडील दूधवाल्यासमोर दूध उकळून बघत. दुकानातलं घड्याळ जरा जास्तच पळतं, असं मला वाटू लागलं. मी माझं मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. दोन्ही घड्याळं बरोबर चालत होती. तरी एक दिवस मी शकीलभाईंना सगळ्यांसमोर म्हणालो की तुम्ही काटा पुढे सरकवता. ते भले माणूस, नुसते म्हणाले, "साहेब, तुमीच बसा काट्यासमोर. मी हात लावला तं हात तोडा."

त्याच सुमारास तो वास सुरू झाला.

पोटातून काहीतरी घशाकडे सरकल्यासारखं व्हायचं आणि जळक्या रबराचा वास यायचा. दुकानात आला तेव्हा मी शकीलभाईंच्या वायरी तपासल्या. ऑफिसात आला तेव्हा फलाटावर जाऊन गाड्यांचे टायर पाहिले. सुखदेव शेजारच्या टेबलावर विद्यार्थ्यांचे पास लिहीत बसलेला असायचा. त्याला विचारलं की तो हवा हुंगून म्हणायचा, "मले तं काई येत नाई, भाऊ." मला वाटलं, त्याला येतो, पण तो सांगत नाही. पुढे नागपूरला कळलं, की याला ऑरा म्हणतात. म्हणजे झटका यायच्या आधीची खूण. कुणाला वास येतो, कुणाला पोटात ढवळतं, कुणाला आधी पाहिलेलंच परत घडतंय असं वाटतं. बाहेर काहीच जळत नसतं.

मग एक दिवस माझ्या रजिस्टरात मला परक्या हाताची नोंद दिसली. दुपारची मलकापूर गाडी. आलेली वेळ, सुटलेली वेळ, सगळं बरोबर, पण अक्षर सुखदेवचं. गोल, मुलींसारखं. मी तर तेव्हा खुर्चीवरच बसलेलो होतो. जागचा हललोही नव्हतो.

त्याला विचारलं तर तो घुटमळला. म्हणाला, "तुमचं ध्यान नव्हतं भाऊ. डायवर खोळंबला होता."

माझं ध्यान नव्हतं, हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. कंट्रोलरच्या रजिस्टरात दुसऱ्यानं हात घालायचा नसतो. आज वेळ लिहितो, उद्या माझी खुर्ची मागेल. त्याच संध्याकाळी मी शंभर पानी वही आणली आणि सुखदेवविरुद्ध पुरावा गोळा करायला लागलो. तारीख, वेळ, गाडी कुठली, लिहिलं काय, माझी अवस्था काय. मी काम नीट करतो. ही वहीही नीटच ठेवली.

नोंदी वाढत गेल्या. कंडक्टर आत येऊन डोळे मिचकावत, "साहेब, इमान उडून राह्यलं का?" म्हणजे सगळ्यांना वाटत होतं, की माझ्या डोक्यात चोवीस तास तो गेम चालू आहे. मलाही तसंच वाटत होतं. खेळताना वेळ जातो, मग खेळत नसतानाही थोडा जात असेल. कारण इतकं आयतं हाताशी होतं, की दुसरं कुणी शोधलंच नाही.

सुखदेवनं मात्र मला तोंडावर सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. म्हणाला, "भाऊ, तुमी मधातच थांबता. तोंड चपचप करता, शर्टाचं बटन चोयत राह्यता. मी हाका मारतो तं तुमाले आयकू येत नाई. डाक्टरले दाखवा." तिन्ही वेळा मी घरी येऊन ते वहीत लिहिलं. पुढे कंसात माझा शेरा: खोटं, मला वेडा ठरवण्याचा डाव.

शेवटी मी वरच्या साहेबांना अर्ज दिला. सुखदेव माझ्या रजिस्टरात परस्पर लिहितो आणि माझ्याविषयी अफवा उठवतो, असं त्यात होतं. सोळा वर्षांच्या माझ्या शब्दाला वजन होतं. महिन्याभरात त्याची बदली झाली. जाताना तो टेबलाचा खण रिकामा करून, किल्ली माझ्यासमोर ठेवून गेला.

तो गेल्यावर परक्या अक्षरातल्या नोंदी बंद झाल्या. मी म्हणालो, बघा, मी सांगत नव्हतो? पण आता त्यांच्या जागी कोऱ्या ओळी दिसायला लागल्या. गाडी येऊन गेलेली, ड्रायव्हर शपथेवर सांगतो तुमच्यासमोर उभा होतो, आणि रजिस्टरात काही नाही. मला काय वाटलं, सांगू? वाटलं की सुखदेवच्या माणसांनी माझ्या दौतीत उडून जाणारी शाई घातली आहे. मी घरून शाई नेऊ लागलो, कुलपात ठेवू लागलो. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी ती दौत रुमालात गुंडाळून छातीशी धरून न्यायचो.

मग तो बाजाराचा दिवस उजाडला. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. खामगाव गाडी लागली म्हणून सांगायला मी माइक चालू केला. त्यानंतर जे झालं ते मला लोकांनी सांगितलेलं आहे. सगळ्या स्टँडवर लाउडस्पीकरमधून चपचप असा आवाज येत राहिला, जसं कुणी माइकला तोंड लावून जेवतं आहे. लोक हसत होते. मग शांत. मग मी भानावर येता येता खामगावच्या जागी दुसऱ्याच फलाटाचा नंबर सांगितला. निम्मी माणसं जळगाव जामोदच्या गाडीत बसून गेली.

त्यात एक बाई होत्या. लेकीचं बाळंतपण करायला डिंकाच्या लाडवाचा डबा घेऊन खामगावला निघालेल्या. त्या जळगावला जाऊन, तिथून परत येऊन, उन्हातान्हात माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. "काऊन असं केलं, बाबू?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, तुम्हीच नीट ऐकलं नाही.

आठवड्यात निलंबनाचं पत्र आलं.

इथून दवाखाने सुरू झाले. आमच्या गावच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली आणि गेम बंद करायला सांगितला. मी बंद केला. त्या रस्त्यानं जाणंही सोडलं. पहिले काही दिवस बोटं आपोआप बटणं दाबल्यासारखी हलायची, नंतर तेही थांबलं.

पाच आठवड्यांनी एका सकाळी मी बशीत चहा ओतत होतो. सुमन मागून बघत होती. चहा बशीत भरला, मांडीवर सांडला, कप रिकामा झाला, तरी मी ओततच राहिलो. मला आठवतं ते एवढंच, की मांडी भाजली होती आणि धोतर ओलं होतं, आणि मला वाटलं हिनंच धक्का मारला.

ती रागावली नाही. समोर येऊन बसली आणि विचारलं, "तुमी गेम सोडला ना? मंग हे काऊन चालू हाय?"

तोवर इतकी माणसं होऊन गेली होती. साहेब, कंडक्टर, डॉक्टर, मी स्वतः. हा साधा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या बायकोला तो पडला. तिनंच भावाकडून नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव काढलं आणि आम्ही निघालो. मी बरोबर ती वही घेतली. माझ्याविरुद्ध कट आहे हे डॉक्टरांनी लिहून द्यावं, असा माझा बेत होता.

मोठ्या दवाखान्याचं वेटिंगरूम म्हणजे संशयी माणसाची परीक्षाच. आमच्यानंतर आलेल्या एका जोडप्याचा नंबर आधी लागला, तेव्हा मी उठून शिपायाशी भांडलो. त्यांच्या मांडीवरच्या मुलाला झटके येत होते, ते मी भांडून झाल्यावर पाहिलं.

पहिली तपासणी ईईजी. मेंदूत जी बारीक वीज चालते तिचा कागदावर आलेख काढतात. डोक्याला चिकट लेप लावून वायरी बसवतात. दुखत नाही. फक्त केसांतला लेप दोन दिवस निघत नाही. मध्येच डोळ्यांसमोर दिवा लकलकवतात. काही लोकांना अशा लकलकत्या उजेडानं, टीव्हीच्या पडद्यानंही फिट येते, म्हणून हे बघतात. मला काही झालं नाही. पण दिवा बंद असताना डाव्या कानाच्या वरच्या भागात आलेखाला टोकं आली. त्या भागाला टेम्पोरल लोब म्हणतात. वास, आठवण यांचा कारभार बराचसा तिथे चालतो.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन. गोल यंत्रात डोकं घालून फोटो काढतात. आत निजल्यावर मला वाटलं, हे मला इथेच ठेवून जातील. फोटोत त्याच जागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, कधीतरी तिथे जंतूची गाठ झाली असेल, ती वाळून तिचा खडा झालाय. खडा काही करत नाही, पण त्याच्या भोवतीचा भाग चिडतो.

मग त्यांनी माझी वही मागितली. पानामागून पान वाचत गेले. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता यांना कट पटला.

"तुम्ही हा गेम खेळताना वेळ जायचा, म्हणता. उठल्यावर काय खेळलात ते आठवायचं?"

"सगळं," मी म्हणालो. "विमान कुठे आपटलं, भिंत कुठे अरुंद झाली, सगळं."

"आणि ही मलकापूर गाडी आली, तेव्हाचं?"

मी आठवायला गेलो. तिथे काहीच नव्हतं. आधीची गाडी होती, नंतर सुखदेवचं अक्षर होतं, मधे काही नव्हतं.

"गेममध्ये तुम्ही रमत होता," डॉक्टर म्हणाले. "रमलेला माणूस हाक मारली की उशिरा का होईना, येतो. इथे तुम्ही रमला नव्हता, इथे तुम्ही नव्हताच. फिटच्या पेशंटला मी झटक्यांची डायरी ठेवायला सांगतो. कुणी ठेवत नाही. इतकी चोख डायरी मी आजवर पाहिली नाही."

आणि त्यांनी माझ्याच वहीतलं मला वाचून दाखवलं. तोंड चपचप करतो. शर्टाचं बटण चोळतो. हाक ऐकू येत नाही. माझा कंसातला शेरा त्यांनी वाचला नाही. त्यानंतर ते म्हणाले, कॉम्प्लेक्स पार्शल सीझर.

लोणारला जायला मी चार दिवस लावले. आधी सुमनला म्हणालो, तू एकटी जा. ती म्हणाली, "तक्रार मी केलती का?" मग दोघंही गेलो. घाट चढून मेहकर, तिथून दुसरी गाडी. वाटेत मी सुखदेव काय काय मागेल याची मनात तयारी करत होतो. वचन मागेल, लेखी माफी मागेल, चार लोकांत बोलावून अपमान करेल.

तो तिथल्या स्टँडवर पास लिहीत बसला होता. डोक्यावर टोपी, टोपीखाली केस नुकते उगवलेले, काट्यांसारखे. मला वाटलं, उन्हाळ्यामुळे काढले असतील. विचारलं नाही.

"या," तो म्हणाला. "चा घेता?"

मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. सांगताना माझी मान खाली होती. त्यानं मला काहीच विचारलं नाही. सुमनकडे वळून म्हणाला, "वैनी, आता रोज होते का? किती येळ राह्यते?" तिनं सांगितलं. त्यानं खणातून कागद काढला आणि तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. चहा येईपर्यंत तो लिहून झाला होता.

नागपूरला डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. "नुसतं सांगू नका, करून दाखवा," म्हणाले.

सुखदेवनं टोपी काढून मांडीवर ठेवली. आधी हवेत हुंगल्यासारखं केलं. मग त्याचा चेहरा थिजला. डोळे उघडे, पण कुणाकडेच बघत नाहीत. ओठ हलायला लागले, चप, चप, चप. उजवा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणावर गेला आणि ते गोल गोल चोळू लागला. डॉक्टर घड्याळ बघत होते. सुमननं तोंडाला पदर लावला.

मी स्वतःला पाहत होतो. अडतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच. इतका बावळट, इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता. मला त्याची शरम वाटली आणि दयाही आली. सुखदेव थांबल्यावरही माझे डोळे वाहतच होते.

"आनि मंग पानी मागते," सुखदेव म्हणाला. "प्याले की इचारते, खामगाव गेली का."

डॉक्टरांनी विचारलं, त्या वेळात तुम्ही काय करायचात? तो म्हणाला, "माइकचं बटन बंद करो. गाडीची येळ लिवो. खिडकीतून कोनी पाहू नये म्हून मधात उभा राहो. लोकाईले तमाशा कायले दाखवाचा?"

डॉक्टरांनी कागद लिहून दिला.

आम्ही बाहेर बाकावर शिक्क्याची वाट बघत बसलो होतो. सुमननं सुखदेवला विचारलं, "केस कायचे काढले, भाऊजी?" तो म्हणाला, बाबा गेले. महिना झाला. लकवा झाल्यापासून ते आमच्याच गावात, त्याच्या घरी अंथरुणावर होते. तो लोणारला, बायको एकटी त्यांचं करणारी. निरोप मिळाल्यावर निघाला, पण मेहकरला गाडी चुकली, खामगावलाही थांबावं लागलं. पोचला तेव्हा सरणच दिसलं. हे त्यानं समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. मी तिथेच दोन हातांवर होतो.

उपचाराचं थोडं सांगतो, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. गोळीचं नाव कार्बामाझेपिन. पहिले पंधरा दिवस चक्कर यायची, एकाचे दोन दिसायचे. मी लगेच ठरवलं, की दुकानदारानं बनावट गोळ्या दिल्या. दोन गावांतून दोन पाकिटं आणून टेबलावर शेजारी शेजारी लावून पाहिली. सारखीच होती. गोळी एकही चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. एकट्यानं विहिरीवर, नदीवर जायचं नाही. जागरण नको. आणि कुणाला असा झटका आला तर त्याला धरून दाबू नका, तोंडात काही कोंबू नका, कांदा किंवा चप्पल नाकाशी नेऊ नका. जवळ बसा, घड्याळ बघा, तो भानावर आला की काय झालं ते त्याला सांगा. त्यानं मानलं नाही तरी सांगा.

दीड महिन्यात झटके आठवड्यावर आले, मग महिन्यावर, मग थांबले. डॉक्टरांच्या त्या कागदावर नोकरी वाचली. सहा महिने माइकपासून लांब ठेवलं, ते बरोबरच होतं. व्हिडिओ गेमबद्दल डॉक्टर म्हणाले, खेळा की, तासभर खेळलात तर काही बिघडत नाही. मी शकीलभाईंकडे जाऊन घड्याळाबद्दल माफी मागितली. ते खुशीत येऊन फुकट बसा म्हणाले, पण मी बसलो नाही. गेम निर्दोष होता, पण माझं दीड वर्ष त्याच्या आड गेलं होतं.

तिसऱ्या फेरीला मी सुमनला बाहेर बसवून डॉक्टरांना एक गोष्ट विचारली. म्हटलं, डोक्याच्या त्या भागाच्या आजारात माणूस संशयी होतो, असं ऐकलं. माझा संशयही आजारातच धरायचा का? तसं दोन ओळी लिहून द्याल का?

त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "काही पेशंटमध्ये होतं तसं. तुमचा हा स्वभाव कधीपासूनचा?"

"लहानपणापासून."

"आणि ती तक्रार लिहायला किती दिवस लागले?"

"तीन. दोनदा कच्चं लिहून मग पक्कं केलं."

"झटका दोन मिनिटांचा असतो," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

गावी परत आल्यावर मी साहेबांकडे जाऊन तक्रार खोटी होती असं लिहून दिलं. चुकीची नव्हे, खोटी, असाच शब्द वापरला. तरी कागद हलायला आठ महिने गेले. सुखदेव परत आला आणि शेजारच्या टेबलावर बसला. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. म्हटलं, सुखदेव, माइकवर जे झालं, रजिस्टरात जे झालं, ते आजारानं केलं. त्यात माझा इलाज नव्हता. पण तुझी बदली आजारानं नाही केली. ती मी केली, पूर्ण शुद्धीत. तुझे बाबा गेले तेव्हा तू तिथे नव्हतास, ते माझ्यामुळे.

त्यानं पास लिहिता लिहिता पेन थांबवला. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "तुमच्यामुयेच."

आणि परत लिहायला लागला.

डॉक्टरांचे, सुमनचे उपकार मी मानतोच. पण सगळ्यात जास्त मी त्या 'हाव'चा, त्या सरळ होकाराचा ऋणी आहे. "जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं" असं तो म्हणाला असता, तर घरी जाऊन मी रात्रभर विचार केला असता, की याच्या मनात नक्की काय आहे. तो जे म्हणाला, ते मी तिथल्या तिथे खरं मानलं.